हिश्श्याचा डबा : ईद, अकीका आणि निकाहसाठी घरची मिठाई

आपल्या घरांत गोड पदार्थ फक्त घरच्यांपुरता क्वचितच बनतो. ईदचा शीरखुर्मा असो, अकीक्याचे लाडू असोत, मुलाच्या बिस्मिल्लाहचे बताशे असोत की निकाहनंतर वाटायच्या खारका, प्रत्येकाचा एक भाग उंबरठा ओलांडून बाहेर जातो. त्याला आपण ‘हिस्सा’ म्हणतो. शेजारी, मावशीकडे, मशिदीच्या इमामसाहेबांकडे, ऑफिसातल्या मित्रांकडे, पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या मुलांकडे, कधी तर थेट दुबई किंवा कुवेतपर्यंत हा डबा जातो.

घरी खायचं असेल तर पदार्थ चवीला चांगला झाला म्हणजे पुरे. हिश्श्याचं तसं नाही. तो डबा दुसऱ्याच्या घरी उघडला जातो आणि आपण तिथं नसतो. म्हणून बनवण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं ठरवावी लागतात : हा पदार्थ किती दिवस टिकेल? त्याला किती लांब जायचं आहे? आणि तो खाणार कोण? या लेखातले पदार्थ, मापं आणि सूचना या तीन प्रश्नांभोवतीच मांडल्या आहेत. ईदच्या आधी एकदा वाचून ठेवा, इंशाअल्लाह उपयोगी पडेल.

कोणत्या प्रसंगाला काय?

भाग बदलला की रीत बदलते, पण महाराष्ट्रातल्या मुस्लिम घरांत साधारण असं दिसतं.

ईद-उल-फित्रला शीरखुर्मा हवाच. नावातच त्याची कृती आहे. फारसीत शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. शेवया नंतर येतात. कोकणातल्या घरांत याच्या जोडीला तांदळाचं वाफवलेलं सांदण असतं. दोन्ही पदार्थ त्याच दिवशी खायचे, लांब पाठवायचे नाहीत.

बाळ जन्मल्यावर बाळंतिणीसाठी हरीरा आणि डिंकाचे लाडू होतात. सातव्या दिवशी अकीका करण्याची सुन्नत आहे. त्यात मटणाचे हिस्से जातात आणि अनेक घरांतून सोबत लाडूही जातात.

बिस्मिल्लाहची रस्म अनेक घरांत मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झाल्यावर करतात. तिथं पाहुण्यांत मुलं जास्त असतात, म्हणून लहान आकाराची, हाताला न चिकटणारी मिठाई बरी. कुरआन पूर्ण झाल्यावरच्या आमीनलाही हेच लागू.

लग्नघरात रतजग्याला गुलगुले आणि मलिदा होतो. मलिदा म्हणजे जाड चपात्या कुस्करून त्यात गूळ, तूप, खोबरं आणि सुकामेवा. निकाह झाल्याबरोबर खारीक, बदाम, खडीसाखर वाटतात. हे कोरडं असतं, महिनोनमहिने टिकतं आणि सगळ्यांना चालतं. जुन्या माणसांनी हे विचार करूनच ठरवलं असणार.

टिकण्याचं गणित

मिठाई बिघडते ती मुख्यतः पाण्यामुळं. पदार्थात ओलावा जितका जास्त, तितके जंतू आणि बुरशी लवकर वाढतात. साखर आणि गूळ भरपूर असले की ते पाणी बांधून ठेवतात, म्हणून पाकातले आणि कोरडे लाडू टिकतात. तूप मात्र वेगळ्या रीतीनं बिघडतं. हवा, उजेड आणि उष्णता लागली की ते खवट होतं. म्हणजे डबा कोरडा हवा आणि घट्ट झाकणाचाही हवा.

सोयीसाठी चार गट करा.

पहिला गट त्याच दिवशी संपवायचा : शीरखुर्मा, खीर, फिरनी, सांदण, कलाकंद. दुधाचा पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि कडक उन्हाळ्यात एक तासापेक्षा जास्त नको. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्यानं वाढतात. ईदच्या सकाळी पातेलं मंद आचेवर गरमच ठेवा, नाहीतर लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवा. ओट्यावर कोमट पडून राहू देऊ नका.

दुसरा गट दोन ते चार दिवसांचा : खव्याचे पेढे-बर्फी, ओल्या नारळाच्या वड्या, ओल्या खोबऱ्याच्या करंज्या, दुधी हलवा, मलिदा. हे फ्रिजमध्ये ठेवून गावातल्या गावात द्यायचे पदार्थ.

तिसरा गट दोन ते तीन आठवड्यांचा : नानकटाई, खजूर-सुकामेव्याचे रोल, पाणी किंवा दूध न घालता केलेले बेसन-रव्याचे लाडू.

चौथा गट महिनाभराचा किंवा त्याहून जास्त : खारीक-खोबरं-डिंकाचे लाडू, शेवया आणि सुकामेव्याचा कोरडा पुडा, खडीसाखर, खारीक.

एसटीनं किंवा कुरिअरनं जाणारा डबा तिसऱ्या-चौथ्या गटातूनच भरा.

ऋतूचाही हिशेब ठेवावा लागतो. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा १० ते ११ दिवसांनी लहान असतं, म्हणून आपले सण सगळ्या ऋतूंतून फिरतात आणि साधारण ३३ वर्षांनी त्याच जागी येतात. २०२५ मध्ये भारतात ईद-उल-फित्र ३१ मार्चला होती. दरवर्षी ती थोडी थोडी थंडीकडे सरकते आहे. बकरी ईद मात्र अजून काही वर्षं उन्हाळ्यातच येणार. विदर्भ-मराठवाड्यात चाळीस अंशांच्या पुढं पारा गेला की तूप वितळून लाडू डब्यात बसतात, त्या दिवसांत नानकटाई सोपी. पावसाळ्यात लग्न असेल तर कोरड्या वस्तूही ओलावा धरतात, म्हणून आदल्या दिवशीच पुड्या बांधा, आठवडाभर आधी नको.

पदार्थ पहिला : नानकटाई (सुमारे २८ नग)

साहित्य : मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, पिठीसाखर १४० ग्रॅम, घट्ट तूप १६० ग्रॅम, खाण्याचा सोडा पाव छोटा चमचा, वेलचीपूड अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ.

तूप वितळलेलं नको, थिजलेलं पण मऊ हवं. त्यात पिठीसाखर घालून हातानं पाच-सात मिनिटं फेसा. रंग पांढरट आणि हलका झाला पाहिजे. मैदा, बेसन, सोडा, मीठ दोनदा चाळून रव्यासह त्यात घाला. कणकेसारखं मळू नका, नाहीतर नानकटाई कडक होते. फक्त गोळा जमला की थांबा. झाकून पंधरा मिनिटं ठेवा. लिंबापेक्षा लहान गोळे करून किंचित दाबा, दोन गोळ्यांत अंतर ठेवा. आधीच १७० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये १५ ते १८ मिनिटं भाजा.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड, त्यावर ताटली आणि वर घट्ट झाकण. आधी दहा मिनिटं तापवा, मग मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं भाजा. अनेक गावांत आजही लोक पीठ-तूप-साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जातात आणि किलोच्या हिशेबानं नानकटाई भाजून आणतात. दिवाळीच्या आधी आणि ईदच्या आधी भट्टीसमोर लागणारी रांग तीच. मोठ्या प्रमाणात करायची तर हा मार्ग सगळ्यात सोयीचा.

ओव्हनमधून काढल्यावर ती मऊच लागते. कच्ची राहिली समजून परत भाजू नका. थंड झाली की खुसखुशीत होते. पूर्ण थंड झाल्याशिवाय डब्यात भरू नका. गरम नानकटाईची वाफ झाकणाला लागली की दुसऱ्या दिवशी सगळा डबा नरम पडतो.

पदार्थ दुसरा : खजूर-सुकामेव्याचे रोल (सुमारे ४० काप)

साहित्य : बी काढलेला मऊ खजूर ५०० ग्रॅम, बदाम १०० ग्रॅम, काजू १०० ग्रॅम, पिस्ते ५० ग्रॅम, मगज बी ३० ग्रॅम, तूप २ मोठे चमचे, वेलचीपूड, वरून लावायला तीळ.

पाकिटावर बिनबियांचा लिहिलेला खजूरही एकेक उघडून पाहा. आत बी राहते, कधी कीडही निघते. सुकामेवा मंद आचेवर वेगवेगळा भाजून जाडसर कुटा. तुपात खजूर पाच-सहा मिनिटं परता. उलथन्यानं दाबत गेलं की त्याचा गोळा होतो. त्यात सुकामेवा मिसळून कोमट असतानाच दोन-तीन लांब गुंडाळ्या करा, भाजलेल्या तिळात घोळवा, बटर पेपरमध्ये गुंडाळून दोन तास फ्रिजमध्ये ठेवा आणि एक सेंटीमीटर जाडीचे काप करा. घट्ट डब्यात, थंड जागी दोन आठवडे सहज टिकतात.

बरेचजण यावर तिळाऐवजी खसखस लावतात. दिसायला सुरेख दिसते. पण हा डबा आखाती देशांत जाणार असेल तर खसखस अजिबात वापरू नका. संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात खसखस नेणं बेकायदा आहे. अफूच्याच झाडाची बी म्हणून तिथं ती अमली पदार्थांच्या नियमात येते. आपल्या दुकानात सहज मिळणारी वस्तू विमानतळावर मुलाला तुरुंगापर्यंत नेऊ शकते. लाडू, मसाला, हलवा, कशातही ती असता कामा नये. सिंगापूरलाही हाच नियम लक्षात ठेवा.

पदार्थ तिसरा : खारीक-खोबरं-डिंकाचे लाडू (सुमारे ४०)

साहित्य : खारकेची पूड २५० ग्रॅम, सुकं खोबरं २५० ग्रॅम, डिंक १०० ग्रॅम, बदाम १०० ग्रॅम, गूळ ३०० ग्रॅम, तूप २०० ग्रॅम, खसखस ५० ग्रॅम (परदेशी जाणार असतील तर वगळा), वेलची आणि जायफळ.

खारका फोडून बिया काढा, एक दिवस कडक उन्हात वाळवा आणि मगच दळा, नाहीतर मिक्सरला गोळा चिकटतो. डिंक गरम तुपात थोडा थोडा घालून तळा. खडा पूर्ण फुलला पाहिजे. आतून कच्चा राहिला तर दाताला चिकटतो. खोबरं किसून मंद आचेवर तांबूस भाजा, खसखस आणि बदाम वेगळे भाजून घ्या. डिंक वाटीच्या बुडानं चुरा. सगळं परातीत एकत्र करा. उरलेल्या तुपात किसलेला गूळ घालून तो फक्त वितळेपर्यंत गरम करा. पाक होऊ दिला तर लाडू दगड होतात. वितळलेला गूळ मिश्रणावर ओता आणि हाताला सोसेल इतपत गरम असताना लाडू वळा.

बाळंतिणीच्या डब्यासाठी, थंडीतल्या अकीक्यासाठी आणि लांबच्या नातेवाइकांसाठी यासारखा पदार्थ नाही. कोरड्या चमच्यानं काढले तर महिनाभर काही होत नाही.

पदार्थ चौथा : शीरखुर्म्याचा कोरडा पुडा (१ लिटर दुधासाठी)

शीरखुर्मा पाठवता येत नाही, पण त्याचं साहित्य पाठवता येतं. हॉस्टेलवरच्या मुलाला, नव्यानं संसार मांडलेल्या बहिणीला किंवा ‘तुमचा शीरखुर्मा कसा करतात?’ असं दरवर्षी विचारणाऱ्या शेजारीण ताईंना यापेक्षा चांगली भेट नाही.

तीन पिशव्या करा. पहिलीत ६० ग्रॅम बारीक शेवया, थोड्या तुपात तांबूस भाजून पूर्ण गार केलेल्या. दुसरीत बिया काढून काप केलेल्या ८ खारका, १५ बदाम, १५ पिस्ते, १० काजू, १ मोठा चमचा चारोळी. तिसरीत १०० ग्रॅम साखर, चार वेलच्यांची पूड आणि चिमूटभर केशर. चारोळी लवकर खवट होते, म्हणून भरण्याआधी दोन दाणे खाऊन पाहा. एका खवट दाण्यानं सगळ्या दुधाची चव जाते.

सोबत चिठ्ठी लिहा : ‘खारका रात्री धुऊन पाण्यात भिजवा, सकाळी पाणी काढून टाका. १ लिटर दूध पाऊण होईपर्यंत उकळा. सुकामेवा आणि खारका दोन चमचे तुपात परतून दुधात घाला, दहा मिनिटं उकळा. मग साखर घाला. शेवटी शेवया टाकून तीन-चार मिनिटांत गॅस बंद करा. थंड झाल्यावर घट्ट होतो, तेव्हा अर्धी वाटी गरम दूध जवळ ठेवा.’

डबा कुणाकडे जातो आहे?

मिश्र वस्तीत राहणाऱ्यांसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. शेजाऱ्यानं आपला डबा घेतला आणि संकोचानं तसाच ठेवून दिला, तर दोष मिठाईचा नसतो. त्याला खात्री देता आली नाही, एवढंच. ती खात्री आपणच द्यायची.

शाकाहारी घरी डबा जाणार असेल तर अंडं आणि जिलेटिन असलेलं काहीही नको. ज्या तेलात कबाब तळले, त्यात गुलगुले किंवा करंज्या तळू नयेत. नवं तेल आणि स्वच्छ कढई घ्यावी. देताना सांगावं : ‘ताई, यात अंडं नाही, नव्या तुपात केलंय.’ या एका वाक्यानं डबा तिथंच उघडला जातो.

जैन शेजाऱ्यांकडे गाजर हलवा पाठवू नका, कारण त्यांच्याकडे कंदमुळं वर्ज्य असतात. मधही चालत नाही. अनेकजण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून डबा दिवसाउजेडी द्या. श्रावणात किंवा नवरात्रात ज्यांचा उपवास असतो त्यांना शेवया चालत नाहीत. पण खजूर, सुकामेवा, खोबरं बहुतेकांना चालतं.

शेजारून दिवाळीच्या फराळाचा डबा आला तर तो रिकामा परत करायचा नाही, ही रीत दोन्ही घरांची आहे. अशा वेळी घरात नानकटाई असली की धावपळ होत नाही.

मधुमेह असलेल्यांसाठी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘बिनसाखरेची मिठाई’ म्हणून खजुराचे रोल त्यांना बिनधास्त दिले जातात. वरून साखर घातलेली नाही हे खरं, पण खजुराच्या वजनात ६० ते ७० टक्के साखरच असते. गूळही जवळजवळ सगळा साखरच. अशा घरी भाजलेले बदाम, अक्रोड, पिस्ते यांची पुडी द्या. गोड द्यायचंच असेल तर एक-दोन काप द्या आणि त्यात खजूर आहे हे सांगा.

आता लहान बाळं. तहनीक खजुरानं करण्याची सुन्नत आहे. अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांची तहनीक प्रेषितांनी (स.) खजूर चावून केल्याचं हदीसमध्ये येतं. काही घरांत खजुराऐवजी बोटानं मध चाटवतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, असं डॉक्टर स्पष्ट सांगतात. मधात असणारे काही जंतू मोठ्यांना काही करत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात विष तयार करू शकतात. त्यातून होणाऱ्या बोट्युलिझम या आजारात बाळाचे स्नायू ढिले पडतात, श्वासही अडखळू शकतो. मध उकळला तरी हे जंतू मरत नाहीत. म्हणून मध नकोच. खजूर पूर्ण मऊ करून, धुतलेल्या हातानं, अगदी कणभर टाळूला लावावा. बाळ अशक्त असेल किंवा वेळेआधी जन्मलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे बदाम-काजू देऊ नका, घशात अडकतात. बिस्मिल्लाहच्या पुडीत अख्ख्या सुकामेव्याऐवजी कुटून केलेले लहान लाडू घाला. शेंगदाणे, काजू, दूध यांची ॲलर्जीही काही मुलांना असते. पुडीवर काय काय आहे ते लिहिलेलं असेल तर आईला विचारत बसावं लागत नाही.

बाजारातून आणताना

खवा : चमचाभर खवा पाण्यात उकळून गार करा आणि आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा रंग आला तर त्यात स्टार्च आहे. सणाच्या आठवड्यात शंका असेल तर दूध घरीच आटवा किंवा बिनखव्याचा पदार्थ निवडा.

केशर : कोमट पाण्यात काडी टाका. अस्सल केशर हळूहळू रंग सोडतं आणि काडी तशीच राहते. पाणी लगेच लालभडक झालं तर ते रंगवलेलं आहे.

वर्ख : बोटांत चोळला की चांदीचा वर्ख नाहीसा होतो, ॲल्युमिनियमची गोळी होते. पूर्वी वर्ख जनावराच्या कातड्याच्या थरांत कुटला जाई. आता भारतातल्या नियमानुसार तो बनवताना प्राणिजन्य वस्तू वापरता येत नाही आणि चांदीची शुद्धता हजारात ९९९ हवी. पाकीटबंद आणि हिरव्या खुणेचा वर्ख घ्या, नाहीतर सरळ वगळा. पिस्त्याचे काप तितकेच शोभतात.

जेली, पुडिंग, मार्शमेलो : जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. ते कोणत्या जनावराचं आणि जबिहा आहे की नाही, हे पाकिटावरून कळत नाही. भारतीय पाकिटावर हिरवी खूण असेल तर जिलेटिन नसतं. परदेशी पाकिटावर हलालची खूण पाहा. घरी जेली किंवा खरवसासारख्या वड्या करायच्या तर चायना ग्रास वापरा, तो समुद्री शेवाळापासून बनतो. लाल रंगाच्या परदेशी मिठाईवर ‘१२०’ हा रंगाचा क्रमांक दिसला तर तो रंग किड्यापासून काढलेला असतो. व्हॅनिला इसेन्समध्ये अल्कोहोल असू शकतं. वेलची, गुलाबपाणी, केवडा, जायफळ असताना त्याची गरजही नाही.

दुकानातून सुटी मिठाई घेतली तर ट्रेवरची तारीख वाचा. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवरही ‘कधीपर्यंत खावी’ ही तारीख लावणं दुकानदारांना बंधनकारक आहे. लिहिलेली नसेल तर विचारायचा आपल्याला हक्क आहे.

डबा भरताना

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. डबा धुतला असेल तर उन्हात वाळवा. वर्तमानपत्रात मिठाई गुंडाळू नका, छपाईची शाई तुपात उतरते. बटर पेपर किंवा स्वच्छ केळीचं पान वापरा. लाडू एकमेकांवर रचायचे असतील तर मध्ये कागद घाला. तीव्र वासाचे पदार्थ, जसं की मसाला किंवा लोणचं, त्याच खोक्यात भरू नका. तुपाला वास लवकर लागतो.

डब्यावर चार ओळींची चिठ्ठी चिकटवा : पदार्थाचं नाव, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावा, आत काय आहे. मराठी, उर्दू, दोन्हीत लिहिलं तर उत्तम. हे काम मुलांना द्या. अक्षर सुधारतं आणि हिस्सा म्हणजे काय हेही कळतं. घरातल्या पुरुषांनीही पुड्या बांधायला बसावं. सण सगळ्यांचा आणि ओट्याशी उभी मात्र एकटी आई, असं नको.

प्रमाणाचं गणित सोपं आहे. ४० घरं, प्रत्येकी ४ लाडू, म्हणजे १६० लाडू. २५ ग्रॅमचा एक धरला तर ४ किलो. वरच्या खजुराच्या कृतीत साधारण ८०० ग्रॅम होतं, म्हणजे पाचपट साहित्य घ्या. वीस टक्के जास्त धरा, कारण आयत्या वेळी कुणीतरी आठवतंच.

थाळ मोजू नका

मंगनी आणि लग्नात मिठाईचे थाळ मोजण्याची पद्धत वाढते आहे. अमक्यांनी अकरा आणले, आपण एकवीस नेऊ. सजावटीच्या टोपल्या, चमकी कागद, परदेशी चॉकलेटं. ऐपत नसलेला बाप यासाठी उधार घेतो आणि निम्मी मिठाई दुसऱ्या आठवड्यात फेकली जाते. याला इसराफ म्हणायचं नाही तर कशाला? शेजाऱ्याकडून आलेली छोटीशी भेटही हलकी समजू नये, सालन केलं तर त्यात थोडं पाणी वाढवून शेजाऱ्याची आठवण ठेवावी, ही आपल्या प्रेषितांची (स.) शिकवण आहे. तिच्यात मोठेपणा संख्येला नाही, आठवण ठेवण्याला आहे. दोन्ही घरांनी मिळून ठरवलं की दोनच थाळ आणि तेही घरचे, तर कुणाचाही मान कमी होत नाही. उलट मुलीच्या बापाचं ओझं हलकं होतं.

विकायचं ठरवलं तर

अनेक भगिनी आता घरून ईदचे डबे विकतात. चांगली गोष्ट आहे, स्वतःच्या हातची कमाई आहे. मात्र घरून विकतानाही अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे एफएसएसएआयकडे नोंदणी लागते. छोट्या व्यवसायाची नोंदणी ऑनलाइन होते आणि फी फार नसते. मिळालेला १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. वजन, तारीख, घटक लिहा आणि शाकाहारी-मांसाहारी खूण लावा. अंडं घातलेल्या बिस्किटाला हिरवी खूण लावता येत नाही, हे लक्षात ठेवा. पहिल्या वर्षी दोनच पदार्थ ठेवा, तिसऱ्या गटातले. खव्याच्या मागं लागू नका. उरला तर तोटा आणि बिघडला तर नाव गेलं.

शेवटी एवढंच, की चव प्रत्येक हाताची वेगळी असते, ती पुस्तकातून येत नाही. पण स्वच्छता, तारीख आणि समोरच्याच्या खाण्याची कदर या गोष्टी कुणालाही जमण्यासारख्या आहेत. या ईदला चिठ्ठी लावलेला एक तरी डबा अशा घरी पाठवा, जिथं आजवर आपला हिस्सा गेला नव्हता. चांदरातीची धावपळ नको म्हणून शेवया आणि सुकामेवा आठवडाभर आधी भाजून ठेवा. दूध मात्र ताजंच आणा.